मावशीचं मस्टर

शनिवारची संध्याकाळ. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, एका छोट्या स्वयंपाकघरात मेथीची दुसरी जुडी निवडायला घेतली होती, आणि मावशींचा फोन तिसऱ्यांदा वाजला. एजन्सीच्या कोऑर्डिनेटरचा निरोप होता. आजच्या ड्युटीची नोंद ‘पडताळलेली नाही’ असं दाखवतेय, कारण कळवा, नाहीतर बिल अडकेल.

कारण साधं होतं. मावशी सकाळी नऊ ते एक एका आजींकडे जातात. आंघोळ, वेणीफणी, नाश्ता, गोळ्यांची आठवण, घरातल्या घरात थोडं चालवणं. त्या दिवशी आजींची रक्तदाबाची गोळी संपली होती, म्हणून त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून औषधाच्या दुकानात नेलं. रांग लांब होती. एक वाजला. मंजूर तास एकला संपतात, पुढच्या मिनिटाचे पैसे कुणी देत नाही. मावशींनी रांगेतच फोन काढून ड्युटी संपवली. मग आजींना घरी पोचवलं, खुर्ची घडी करून ठेवली, पाण्याचा तांब्या हाताशी आहे ना ते पाहिलं आणि बाहेर पडल्या. अकरा मिनिटं जास्तीची. फोनला मात्र एवढंच कळलं, की ड्युटी आजींच्या घराबाहेर संपली आहे. म्हणजे काहीतरी काळंबेरं.

समोर बसलेला भाचा चहाचा कप हातात धरून हसला. त्याचं हसणं मावशींना झोंबलं, कारण तो एका आरोग्य विमा कंपनीत काम करतो, आणि घरी जाऊन दिलेल्या सेवेची नोंद व तिचं बिल एकमेकांशी जुळतं का, हेच त्याचा विभाग तपासतो. मावशींच्या फोनातून निघालेली नोंद ज्या टोकाला जाऊन पडते, त्या टोकाला तो बसतो. एकाच घराण्यातली ही दोन टोकं एका ओट्याशी बसलेली क्वचितच सापडतात.

“हे एजन्सीचं खूळ नाही मावशी. कायदा आहे,” तो म्हणाला.

“कायद्यात लिहिलंय, मेथी निवडताना फोन करा म्हणून?”

कायद्यात तसं नाही. पण बाकी बरंच आहे. १३ डिसेंबर २०१६ रोजी बराक ओबामांनी ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्ट’वर सही केली, तेव्हा बातम्या झाल्या त्या कर्करोगाच्या संशोधनाच्या आणि नव्या औषधांच्या मंजुरीच्या. जवळजवळ हजार पानांच्या त्या कायद्यात बाराहजार सहा क्रमांकाचं एक कलम होतं. गरिबांसाठी आणि अपंगांसाठी केंद्र आणि राज्यं मिळून जी ‘मेडिकेड’ योजना चालवतात, तिच्या पैशांतून घरी दिल्या जाणाऱ्या सेवेच्या प्रत्येक खेपेची इलेक्ट्रॉनिक नोंद झालीच पाहिजे, असं ते कलम सांगतं. सहा गोष्टी नोंदवायच्या: कोणती सेवा दिली, कुणाला दिली, कोणत्या तारखेला, कुठे, कुणी दिली, आणि ती किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली. याचं नाव इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशन. बोलताना सगळे ईव्हीव्ही म्हणतात.

आंघोळ घालणं, भरवणं अशा वैयक्तिक सेवेसाठी मूळ मुदत जानेवारी २०१९ ची होती. २०१८ मध्ये ती वर्षभराने पुढे ढकलली गेली. परिचारिका वगैरे येतात त्या होम हेल्थ सेवेसाठी जानेवारी २०२३. जे राज्य पाळणार नाही, त्याला केंद्राकडून मिळणारा वाटा पाव टक्क्याने कमी, आणि ही कपात वाढत वाढत एक टक्क्यापर्यंत. मेडिकेडच्या आकड्यांत पाव टक्का म्हणजे सुपारीएवढी गोष्ट नव्हे. राज्यांनी धावपळ केली, एजन्सींनी ॲप विकत घेतली, आणि तो फोन अखेर मावशींच्या पर्समध्ये येऊन पडला.

“राज्याला दंडाची भीती, राज्याची एजन्सीला भीती, एजन्सीची मला,” मावशी म्हणाल्या. “आणि मी कुणाला भीती घालू? आजींना?”

भाच्याने कप खाली ठेवला. “तू प्रामाणिक आहेस म्हणून तुला हा जाच वाटतो. पण माझ्या टेबलावर काय काय येतं, ते ऐक. पेशंट आठवडाभर हॉस्पिटलात भरती आणि घरी रोज आंघोळ घातल्याचं बिल. एकच बाई एकाच वेळी दोन गावांत. पेशंट वारलाय आणि सेवा चालू. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१२ मध्येच या सेवेवर अख्खा अहवाल काढला होता, की इथे पैसे गळतात आणि ते पकडायला हातात काही नाही. कागदी टाइमशीट असायची. आठवड्याच्या शेवटी भरायची, दोघांनी सह्या ठोकायच्या. त्यातून काय सापडणार?”

“माझ्या कागदातून सापडलं असतं.”

“तुझ्या सापडलं असतं. पण आईची रजिस्टरं आठव ना.”

इथे एक कौटुंबिक तपशील सांगायला हवा. भाच्याची आई, म्हणजे मावशींची थोरली बहीण, नगर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. पर्यवेक्षिका उद्या येणार असा निरोप आला, की कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात रात्री बसून वजनाची, आहाराची, लसीची सगळी रजिस्टरं पुरी करायची. मुलगा शेजारी बसून रेघा आखून द्यायचा.

“खोटं नव्हतं त्यात काही,” तो म्हणाला. “पोरांना खिचडी रोज मिळायची. पण त्या दिवसाची नोंद त्या दिवशीची नसायची. महिन्याभराचं एका रात्रीत, आठवेल तसं. कुणी वाईट माणसाने तेच केलं असतं, तर कागदावर फरक दिसला नसता. म्हणून जागच्या जागी, वेळच्या वेळी नोंद हवी. मी या धंद्यात आलो तो त्या रात्रींमुळे.”

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मेथीची काडी मोडत म्हणाल्या, “आणि त्याच आईने सरकारचा फोन परत केला, ते विसरलास?”

तो विसरला नव्हता. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आणलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन जुने, मेमरी अपुरी, तापायचे, बंद पडायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. वर माहिती भरायची ती इंग्रजीत. नोंदीला त्यांचा विरोध नव्हता. ज्या हत्याराने नोंद करायची ते मोडकं द्यायचं आणि नोंद चुकली की मानधन अडवायचं, याला होता.

“म्हणजे तू आणि आई एकाच पक्षात,” भाचा म्हणाला.

“आम्ही दोघी नोंदीच्या विरोधात नाहीच रे. मी पंधरा वर्षं बालवाडीत मस्टरवर सही केली आहे. मस्टर भिंतीला टांगलेलं असायचं. मी ते बघू शकायचे, हेडबाई बघू शकायच्या, शिपाईसुद्धा बघायचा कोण उशिरा आलं ते. हे कसलं मस्टर, जे माझ्या खिशात आहे आणि मलाच वाचता येत नाही?”

हा मुद्दा भाच्याला तेव्हा नीट ऐकू आला नाही. तो जीपीएसच्या बचावाला लागला होता, आणि तिथे त्याची बाजू वाटते तेवढी पक्की नाही. कायद्यात जीपीएस हा शब्द सक्तीने आलेला नाही. पेशंटच्या घरच्या लँडलाइनवरून फोन करून नोंद करता येते, घरात बसवलेल्या छोट्या उपकरणावरचा आकडा वापरून करता येते. जागा विचारली आहे ती सुरुवातीची आणि शेवटची, मधल्या चार तासांत बाई कुठे कुठे फिरली याची नव्हे. घराभोवती अदृश्य कुंपण घालायचं आणि ते ओलांडलं की लाल दिवा लावायचा, हे राज्यांनी, एजन्सींनी आणि ॲप विकणाऱ्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवलं. कायद्याने उलट असंही म्हटलं आहे, की ही पद्धत कमीत कमी त्रासाची असावी, आणि ती ठरवताना सेवा घेणाऱ्यांना, देणाऱ्यांना व घरच्यांना विचारावं.

किती राज्यांनी विचारलं? ओहायोत उपकरणांमधल्या कॅमेऱ्यावरून आणि मायक्रोफोनवरून अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला. आर्कान्सातल्या ॲपबद्दल व्हर्जिनिया यूबँक्स आणि अलेक्झांड्रा मॅटीस्क्यू यांनी २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’मध्ये सविस्तर लिहिलं. कुंपणाच्या भीतीने माणसं घराबाहेर पडायलाच कचरत होती. यातली बोच अशी, की घरी सेवा देण्याची ही सगळी चळवळच मुळी अपंगांना संस्थेच्या चार भिंतींतून बाहेर काढण्यासाठी उभी राहिली होती.

“बघ,” मावशी म्हणाल्या. “आजींना दुकानात नेलं हा माझा गुन्हा. टीव्हीसमोर बसवून ठेवलं असतं तर नोंद हिरवी.”

“त्यासाठीच कारण लिहायची सोय आहे. ‘सेवा घराबाहेर संपली.’ कोड निवडायचा, झालं.”

“किती वेळा निवडायचा? पुन्हा पुन्हा हाताने दुरुस्ती केली की एजन्सीचे गुण कमी होतात म्हणे.”

हे खरं आहे. बऱ्याच राज्यांत एजन्सीच्या किती नोंदी आपोआप जुळल्या आणि किती हाताने सुधारल्या, याचा गुणांक निघतो. टेक्ससमध्ये तो किमान ८० टक्के हवा. म्हणजे शंभरातल्या वीस भेटींपर्यंत माणसासारखं वागायला मुभा आहे. पेशंट सिनेमाला गेला, देवळात गेला, लेकीकडे राहिला, फोनची बॅटरी संपली, तळघरात सिग्नल आला नाही, हे सगळं त्या विसात बसवायचं. कोऑर्डिनेटर बाई शनिवारी संध्याकाळी तीनदा का फोन करते, याचं उत्तर याच आकड्यात आहे.

कॅलिफोर्नियाची गोष्ट भाच्याने सांगितली, आणि ती खरोखर त्याच्या बाजूची होती. तिथल्या घरपोच सेवेच्या सरकारी योजनेत पाच लाखांहून अधिक सेवक. त्यांतले बहुतेक नातेवाईक: आईला सांभाळणारी मुलगी, मुलाला सांभाळणारी आई. मुलगी आईच्याच घरात राहते, मग ती कामावर ‘आली’ कधी आणि ‘गेली’ कधी? हा प्रश्न इतका हास्यास्पद ठरला, की केंद्राच्या मेडिकेड खात्याने ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केलं, एकाच घरात राहणाऱ्यांना ही नोंद सक्तीची नाही. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियाला असंही सांगितलं गेलं, की घरी बसून संकेतस्थळावर तास भरणं पुरेसं नाही. शेवटी जुलै २०२३ पासून वेगळ्या घरात राहणाऱ्या सेवकांना येता-जाताना जागेसकट नोंद करावी लागली.

“म्हणजे ओरडलं की नियम बदलतात,” भाचा म्हणाला. “यंत्रणा आंधळी नाही.”

“आंधळी नाही, तिरळी आहे,” मावशी म्हणाल्या.

तिरळी म्हणजे काय, हे त्यांनी क्वीन्समधल्या एका मैत्रिणीच्या कामावरून सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये चोवीस तासांची ड्युटी असते. बाई पेशंटच्या घरी चोवीस तास थांबते, पगार तेरा तासांचा. उरलेल्या अकरांतले आठ झोपेचे आणि तीन जेवणाचे धरले जातात. अट अशी, की झोपेतले पाच तास सलग मिळाले पाहिजेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये श्रम खात्याचा हा अर्थ ग्राह्य धरला. अट मोडली तर झोपेच्या आठही तासांचे पैसे द्यायचे. कागदावर न्याय आहे. पण रात्री दोनला पेशंटला कूस बदलून दिली, तीनला लंगोट बदलला, पहाटे चारला तो घाबरून ओरडला म्हणून हात धरून बसली, याची नोंद कोण करतो? ईव्हीव्ही सांगतं की बाई सकाळी आठला आली आणि दुसऱ्या सकाळी आठला गेली. मधली रात्र कोरी. याच चोवीस तासांविरुद्ध न्यूयॉर्कच्या बायका, त्यांत बहुसंख्य चिनी, वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत आल्या आहेत. २०२४ मध्ये त्यांनी सिटी हॉलसमोर उपोषणही केलं.

“मी दुकानात गेले ते तुला मीटरपर्यंत दिसतं,” मावशी म्हणाल्या. “तिची झोपमोड दिसत नाही. याला काय म्हणू?”

भाचा काही बोलला नाही. बोलायला जागाही नव्हती. सहा गोष्टी कुणाला हव्या होत्या यावर त्या सहा ठरल्या. पैसे देणाऱ्याला हवं होतं ते सगळं त्यांत आहे. काम करणाऱ्या बाईला हवं असलेलं, म्हणजे कामाचं ओझं, रात्रीची जाग, दोन घरांमधला प्रवास, कमरेची दुखापत, यातलं एकही त्यांत नाही.

मग विषय नावांवर गेला. मावशींना ग्रीन कार्ड मिळून बरीच वर्षं झाली, तरी आपलं नाव-गाव आणि रोजच्या जाण्यायेण्याचे रस्ते कुठल्यातरी सर्व्हरवर साठताहेत या विचाराने त्यांना अलीकडे झोप लागत नाही. अमेरिकेत घरी सेवा देणाऱ्यांपैकी सुमारे तिनांतला एक जण परदेशातून आलेला आहे. जून २०२५ मध्ये बातमी आली, की मेडिकेड घेणाऱ्या लोकांची माहिती स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या खात्याला देण्यात आली आहे. वीस राज्यं कोर्टात गेली, ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरती तात्पुरती मनाई दिली.

“ती माहिती पेशंटची होती, तुमची नाही,” भाच्याने दुरुस्ती केली. ती योग्यच होती.

“आज पेशंटची. आणि पेशंटच्या घराचा पत्ता हाच तर माझ्या कामाचा पत्ता.”

त्यावर त्याने वॉशिंग्टन राज्याचा दाखला काढला. तिथे घरी सेवा देणाऱ्यांची नावं माहितीच्या अधिकाराखाली कुणालाही मागता येत. २०१४ मध्ये ‘हॅरिस विरुद्ध क्विन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की इलिनॉयमधल्या अशा सेवकांकडून कामगार संघटनेची वर्गणी सक्तीने कापता येणार नाही. त्यानंतर संघटनाविरोधी गट इतर राज्यांत याद्या मागू लागले. प्रत्येक सेवकाच्या दारात जाऊन सांगायचं, वर्गणी देऊ नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी ‘इनिशिएटिव्ह १५०१’ मंजूर करून सेवकांची वैयक्तिक माहिती झाकली. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही ते उचलून धरलं.

“झाकली, बरं झालं,” मावशी म्हणाल्या.

“झाकली, पण संघटनेला यादी मिळत राहिली. ज्यांनी झाकायला लावली, त्यांनाच. विरोधकांना तेवढी नाही. माहितीचं असंच असतं मावशी, ती कुणापासून तरी लपते आणि कुणासाठी तरी उघडी राहते.”

हे मात्र भाचा फार बरोबर बोलला, आणि बोलता बोलता मावशींच्याच मुद्द्यावर येऊन थांबला हे त्याच्या लक्षात यायला आणखी एक चहा लागला.

दुसऱ्या चहाला मावशींनी थेट विचारलं, “माझ्या एका तासाचे एजन्सीला किती मिळतात?”

“ते... राज्याचा दर असतो. तू ज्या योजनेत आहेस, तिच्यावर आहे.”

“माझ्या हातात किती पडतात ते मला ठाऊक आहे. मधलं विचारतेय.”

देशभरात या कामाचा मधला पगार, सरकारी आकडेवारीनुसार, मे २०२४ मध्ये तासाला सुमारे पावणेसतरा डॉलर होता. न्यू जर्सीत होम हेल्थ एड व्हायला ७६ तासांचा अभ्यासक्रम आणि नर्सिंग बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. त्या राज्यातलं किमान वेतन २०२५ मध्ये १५ डॉलर ४९ सेंट होतं. प्रमाणपत्राची किंमत या दोन आकड्यांच्या फटीतून दिसते. पण मेडिकेडने एजन्सीला दिलेल्या डॉलरमधले किती सेंट बाईपर्यंत पोचले, हे देशभर एकाच मापाने कुणी मोजतच नव्हतं. बाईचं मिनिट २०१६ च्या कायद्याने मोजायला घेतलं. एजन्सीचा डॉलर मोजायचा निर्णय व्हायला २०२४ उजाडलं.

मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला केंद्राचा ‘ॲक्सेस’ नियम म्हणतो, की घरकाम-मदत, होम हेल्थ एड आणि वैयक्तिक सेवा यांसाठी मेडिकेडने दिलेल्या पैशांतला किमान ८० टक्के हिस्सा प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांच्या पगारावर, सवलतींवर आणि मालकाने भरायच्या करावर खर्च झाला पाहिजे. त्याला सहा वर्षांची मुदत, म्हणजे २०३०. त्याआधी चार वर्षांत, म्हणजे २०२८ पर्यंत, राज्यांनी हे प्रमाण किती आहे याचा वार्षिक अहवाल द्यायला सुरुवात करायची. आणि जुलै २०२६ पर्यंत या सेवांचे सरासरी तासाचे दर जाहीर करायचे.

“आणि एजन्सीवाले?”

“बोंब मारताहेत,” भाचा म्हणाला. “लहान एजन्सीला ऑफिसचं भाडं, परिचारिका देखरेखीला, सॉफ्टवेअर, हे सगळं उरलेल्या वीस टक्क्यांत कसं बसवायचं? खेड्यात दोन पेशंटांमध्ये चाळीस मैल अंतर असतं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. प्रवासाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळलाय म्हणा, लहानांना सवलतीची तरतूदही आहे. पण काही बंद पडतील.”

“माझी नोंद चुकली तर माझं बिल आजच्या आज अडकतं. त्यांची नोंद सुरूच व्हायची दोन हजार अठ्ठावीस साली. मी तेव्हा कामावर असेन का, हेही सांगता यायचं नाही.”

या वाक्यावर भाचा पुन्हा हसला, पण या वेळी वेगळं. त्याने मावशींचा फोन मागितला. ॲप उघडलं, मागच्या आठवड्यापर्यंत गेला. सोमवार: आजींकडून निघाल्याची वेळ एक वाजता. दुसऱ्या घरी, आयसेलिनला, पोचल्याची वेळ एक वाजून अठ्ठावीस. मंगळवारी तेच. बुधवारी एक बत्तीस.

“मधल्या अठ्ठावीस मिनिटांचे पैसे मिळतात तुला?”

“गाडी चालवायचे? नाही बुवा. ते कुठले.”

“मिळायला हवेत.”

हा भाग आपल्याकडच्या बायकांना, आणि त्यांच्या अनेक कोऑर्डिनेटरनाही, माहीत नसतो. १९७४ पासून वृद्धांच्या ‘सोबती’ म्हणून काम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या आणि ओव्हरटाइमच्या केंद्रीय कायद्यातून वगळलं होतं. क्वीन्समधल्या एव्हलिन कोक या जमैकाहून आलेल्या बाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केलं, कित्येकदा सलग चोवीस तास. ओव्हरटाइमसाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २००७ मध्ये नऊ विरुद्ध शून्य अशा हरल्या. दोन वर्षांनी त्या वारल्या. २०१३ मध्ये श्रम खात्याने नियम बदलला आणि २०१५ पासून एजन्सीच्या बायकांना किमान वेतन, ओव्हरटाइम आणि एकाच दिवसातल्या दोन पेशंटांमधल्या प्रवासाचा वेळ कामात धरला जाण्याचा हक्क मिळाला. जुलै २०२५ मध्ये त्याच खात्याने तो नियम मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे.

“म्हणजे तुझं ते ईव्हीव्ही,” मावशी सावकाश म्हणाल्या, “माझी चोरी पकडायला बसवलं होतं. आणि त्यात दुसऱ्याचीच दिसतेय.”

“चोरी म्हणू नको. त्यांना कदाचित—”

“मी अकरा मिनिटं आजींना घरी पोचवलं तर ‘पडताळणी नाही’. त्यांनी वर्षभर रोजची अठ्ठावीस मिनिटं दिली नाहीत, तर चोरी म्हणू नको?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं. लेखातल्या वादाचा निकाल लेखकाने लावू नये असं म्हणतात, पण इथे निकाल फोनच्या पडद्यावरच होता. नोंद हवी, भाचा बरोबर. पण ती नोंद ज्या बाईने केली तिला आठवड्याच्या शेवटी छापून मिळत नाही तोवर तिला मस्टर म्हणता येत नाही, मावशी जास्त बरोबर. एखाद्या राज्याने उद्या हे करायचं ठरवलं तर नवा कायदा नको, नवं यंत्र नको. पगाराच्या चिठ्ठीसोबत येण्याजाण्याच्या वेळा जोडल्या की झालं. माहिती सर्व्हरवर आहेच.

भाच्याने त्या रात्री स्क्रीनचे फोटो काढले, तारखांप्रमाणे लावले आणि एजन्सीला पाठवायचं पत्र इंग्रजीत लिहून दिलं. मावशींनी ते वाचून एक ओळ खोडली, “नम्र विनंती” ही. मग कपाटातून दोनशे पानी वही काढली. गेली सहा वर्षं त्या तिच्यात रोज दोन ओळी लिहितात. कुठल्या घरी, किती ते किती, आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. भाच्याला ती वही आहे हेच माहीत नव्हतं. शनिवारच्या पानावर मावशींनी लिहिलं: औषधाचं दुकान, अकरा मिनिटं, पैसे नाहीत.

एडिसनमध्ये, आयसेलिनमध्ये, जर्सी सिटीत हे काम करणाऱ्या मराठी बायकांनी अशी वही ठेवावी, आणि ॲपमधल्या वेळांचे फोटो दर रविवारी काढून ठेवावेत. मालकाने कामाच्या वेळांची नोंद नीट ठेवली नसेल तर कामगाराचा वाजवी हिशेब ग्राह्य धरता येतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच माउंट क्लेमेन्स पॉटरीच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. केंद्रीय कायद्याखाली थकलेला पगार दोन वर्षं मागेपर्यंत मागता येतो, मालकाने जाणूनबुजून बुडवला असेल तर तीन. न्यू जर्सीत २०१९ पासून ही मुदत सहा वर्षांची आहे.